सॅकेट्स हार्बर : रणभूमी आणि विश्रामस्थान

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्व टोकाशी सॅकेट्स हार्बर नावाचे एक लहानसे बंदर आहे. हिवाळाभर बर्फाने वेढलेले हे गाव उन्हाळा येताच गजबजते. शिडांच्या होड्या धक्क्याला लागतात आणि प्रवासी काठावरील विस्तीर्ण हिरवळीवर फिरू लागतात. ही हिरवळ म्हणजे एके काळची रणभूमी होय.

१८१२ साली अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा सरोवराचा उत्तरेकडील काठ ब्रिटिशांच्या ताब्यात होता. अरण्यांतून धड रस्ते नसल्यामुळे सैन्याची व रसदीची ने-आण पाण्यावरूनच करावी लागे. समुद्रातील युद्धनौका येथवर आणाव्यात, तर सेंट लॉरेन्स नदीचे खळाळते उतार आड येत. म्हणून दोन्ही पक्षांना सरोवराच्या काठीच जहाजे बांधणे भाग पडले. सॅकेट्स हार्बर हे अमेरिकन आरमाराचे प्रमुख ठाणे बनले ते यामुळेच.

२९ मे १८१३ रोजी ब्रिटिशांनी या बंदरावर हल्ला केला. गोदी शत्रूच्या हाती पडली, अशा चुकीच्या समजुतीने अमेरिकनांनी आपल्याच भांडारांना आग लावली. हल्ला मात्र परतवला गेला. पुढील वर्षी एका युद्धनौकेसाठी आणलेला अजस्र दोर गाडीवर मावेना, तेव्हा शेकडो माणसांनी तो खांद्यावरून सुमारे तीस किलोमीटर वाहून नेला.

युद्धाच्या अखेरीस येथे ‘न्यू ऑर्लिन्स’ नावाचे शंभराहून अधिक तोफांचे जहाज बांधण्यास घेतले होते. १८१५ च्या प्रारंभी तहाची वार्ता आली आणि काम थांबले. १८१७ च्या रश-बॅगॉट करारान्वये ऑन्टॅरिओ सरोवरावर प्रत्येक पक्षाने एकच, तेही एका तोफेचे लहान जहाज ठेवावे असे ठरले. ‘न्यू ऑर्लिन्स’ पाण्यात कधीच उतरले नाही. छपराखाली कित्येक दशके पडून राहिलेला तो सांगाडा १८८३ साली विकण्यात आला.

आज ही रणभूमी राज्याचे संरक्षित ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवाशाला येथे भव्य अवशेष फारसे आढळणार नाहीत. परंतु ज्या पाण्यावर दोन राष्ट्रांनी जहाजबांधणीची जीवघेणी स्पर्धा केली, त्याच पाण्यावर आता दोन्ही काठांवरील लोक सहलीसाठी होड्या हाकारतात. शहाणपणाने केलेला व पाळलेला करार काय साधू शकतो, हे समजण्यास यापरते स्मारक ते कोणते?