शोधित विजया : परिचय, शोधनविचार व मात्रेचा हिशेब

विजया, भंगा, मातुलानी, मादिनी, जया ही सर्व नावे ज्या एका वनस्पतीची आहेत, तिला व्यवहारात आपण भांग म्हणतो. अलीकडच्या काही वर्षांत 'विजया अर्क', 'विजया तैल', 'सीबीडी तेल' अशा नावांच्या बाटल्या शहरातील औषधी दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या आणि आता तालुक्याच्या गावापर्यंत त्यांचे विक्रेते येऊ लागले आहेत. निद्रानाश, संधिशूल, चिंता, अरुची अशा तक्रारींसाठी त्यांची शिफारस करताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "हे शुद्ध आहे, म्हणून निर्धोक आहे." या वाक्यातील 'शुद्ध' हा शब्द तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या शास्त्रातील शोधित द्रव्य आणि प्रयोगशाळेत वेगळा काढलेला शुद्ध घटक या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि त्यांपैकी कोणतीही केवळ शुद्ध आहे एवढ्यावरून निर्विष ठरत नाही.

द्रव्यपरिचय

बृहत्त्रयीत विजयेचा औषधी उपयोग निःसंदिग्धपणे आढळत नाही. मध्ययुगीन संग्रहग्रंथांत मात्र ती ठळकपणे दिसू लागते. भावप्रकाशात तिचा समावेश हरीतक्यादि वर्गात आहे. रस तिक्त, गुण लघु व तीक्ष्ण, वीर्य उष्ण, विपाक कटु. कर्म दीपन, पाचन, ग्राही, कफघ्न, पित्तकर आणि मदकारी असे तिचे स्वरूप सांगितले आहे. एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, स्त्रीजातीच्या झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, हा भेद वैद्यांना नवा नाही. परंतु पुढे कायद्याच्या विचारात तो निर्णायक ठरतो, म्हणून येथे नोंदविला.

शार्ङ्गधराने 'व्यवायी' द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अहिफेन यांचीच नावे घेतली आहेत. जे द्रव्य प्रथम सर्व शरीर व्यापते व नंतर पाक पावते, ते व्यवायी. या लक्षणाचा अर्थ 'ताबडतोब गुण येणारे' असा पुष्कळांकडून केला जातो आणि तेथेच रुग्णाची फसगत होते. धूम्रपानाने ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो हे खरे. पण पोटातून घेतलेल्या भांगेचा परिणाम दिसू लागण्यास अर्धा तास ते दोन तास लागू शकतात आणि तो कित्येक तास टिकतो. "काहीच वाटले नाही" म्हणून रुग्ण तासाभराने दुसरी मात्रा घेतो आणि दोन्ही मात्रा एकदम चढतात. महाशिवरात्रीला थंडाई घेणाऱ्यांपैकी ज्यांना रात्री आपल्याकडे आणले जाते, त्यांतील बहुतेकांची कथा हीच असते. व्यवायित्व हे व्याप्तीचे लक्षण आहे, वेगाचे नव्हे, असे माझे मत आहे.

ग्राही कर्माची उपपत्ती आधुनिक शास्त्रातही लागते. भांगेतील मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी, हा मज्जासंस्थेतील ज्या ग्राहकांवर कार्य करतो ते ग्राहक आतड्याच्या मज्जातंतूंवरही असतात व त्यांच्या उत्तेजनाने आतड्याची गती मंदावते. या ग्राहकांवर कार्य करणारा, शरीरातच तयार होणारा एक पदार्थ १९९२ साली सापडला, तेव्हा संशोधकांनी त्याला 'आनंदामाइड' हे नाव दिले. त्यातील 'आनंद' हा आपलाच संस्कृत शब्द होय.

दीपनाविषयी मात्र थोडे सावध राहावे. भांगेने भूक लागते, यात शंका नाही. अमेरिकेत कृत्रिमरीत्या बनविलेले टीएचसी १९८५ पासून कर्करोगाच्या औषधोपचारात होणाऱ्या वांत्यांसाठी व पुढे एड्सच्या रुग्णांतील अरुचीसाठी मान्यताप्राप्त आहे. पण रुची वाढणे आणि अग्नी वाढणे हे एक नव्हे. भांगेच्या अंमलात मनुष्य खूप खातो. ते सर्व पचते, असा अनुभव नाही. ग्रहणीच्या रुग्णात मलप्रवृत्ती आणि जिव्हा पाहून निर्णय घ्यावा, ताटाकडे पाहून नव्हे.

'हेम्प' या नावाचा घोटाळा

आमच्या चारठाणा, जिंतूर भागात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. इंग्रजीत 'हेम्प' हा शब्द तंतू देणाऱ्या अनेक वनस्पतींना लावतात. आपली अंबाडी ही 'डेक्कन हेम्प' आणि आपला ताग हा 'सन हेम्प'. दोहोंचा भांगेशी काहीही कौटुंबिक संबंध नाही : अंबाडी जास्वंदीच्या कुळातील, तर ताग शिंबी कुळातील. दोर वळण्यासाठी व भाजीसाठी अंबाडी पिढ्यानपिढ्या लावणाऱ्या शेतकऱ्याने "आमच्या बांधावर हेम्प आहे, तिचे तेल निघेल काय?" असे विचारले, तर त्यास उत्तर देता यावे. उलट बाजूने, 'हेम्प सीड ऑइल' म्हणून विकले जाणारे तेल खऱ्या भांगेच्या बियांचे असले तरी बियांत मुळात हे क्रियाशील घटक जवळजवळ नसतात. ते एक खाद्य स्नेह आहे. भांगेच्या बिया, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली, ती याच कारणाने, आणि त्यातही टीएचसीची कमाल मर्यादा घालून. असे तेल वेदनाशामक म्हणून देणाऱ्याने रुग्णास फसविले, एवढेच म्हणता येईल.

शोधनविचार

विजयेच्या शोधनाच्या प्रचलित पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत पाने फडक्यात बांधून स्वच्छ पाण्यात बुडवून पिळतात. पाण्याला हिरवा रंग येणे थांबेपर्यंत पाणी बदलून हीच कृती करतात. नंतर पाने वाळवून गाईच्या तुपात मंदाग्नीवर भाजतात. दुसरीत बाभळीच्या सालीच्या काढ्यात स्वेदन करून, वाळवून, गोदुग्धाची भावना देतात. तिसरीत दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करतात. बाभूळ मराठवाड्यात कोणत्याही बांधावर मिळते, त्यामुळे दुसरी पद्धत आपल्याकडे सर्वांत स्वस्त पडते. शिवाय सालीच्या कषाय रसाने ग्राही कर्मास साहाय्य होते. अतिसारप्रधान रुग्णांसाठी मी तीच पसंत करतो.

आता या कृतींत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. ताज्या किंवा केवळ वाळविलेल्या पानात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते व त्या रूपात ते मादक नसते. उष्णता लागली की त्या आम्लाचे मादक रूपात परिवर्तन होते. दुसरी गोष्ट, हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्नेहात विरघळतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यास असे दिसते की पाण्याने धुताना रंगद्रव्ये, इतर जलविद्राव्य अंश आणि पानावरील धूळमाती निघून जाते. परंतु मुख्य मादक घटक धुऊन जात नाही. त्यानंतर तुपात भाजण्याने तो अधिक क्रियाशील रूपात येतो व तुपात उतरून शरीरात सहज शोषला जातो. म्हणजे या शोधनाने विजया सौम्य होते असे गृहीत धरणे चुकीचे आहे. कार्याच्या दृष्टीने ती अधिक तयार होते. तीक्ष्णता, रूक्षता व घशाशी येणारा दाह कमी होतो, हे खरे. शोधनाचा हेतू द्रव्याला संस्कारित करून प्रयोगयोग्य करणे हा आहे, निष्क्रिय करणे हा नव्हे. वत्सनाभ शोधला म्हणून कोणी तो चमच्याने देत नाही.

दोलायंत्रातील दुधाविषयी एक सूचना. स्नेहविद्राव्य अंश दुधातही उतरतो, थंडाईचे सारे सामर्थ्य त्यातच आहे. स्वेदनानंतर उरलेले दूध फेकावे. ते घरातील कोणाच्या, विशेषतः मुलांच्या हाती लागू नये आणि गुरांनाही पाजू नये.

भाजताना पान करपता कामा नये. अति उष्णतेने, तसेच दीर्घकाळ साठविण्याने, टीएचसीचा ऱ्हास होऊन दुसरा घटक तयार होतो व द्रव्याची शक्ती घटते. तुपात भाजलेल्या द्रव्याला खवटपणाही लवकर येतो. म्हणून शोधित विजया थोडी थोडी करावी, काचेच्या गडद बरणीत ठेवावी आणि बरणीवर शोधनाची तारीख व पद्धत दोन्ही लिहावे. नुसते 'शुद्ध भांग' एवढे लिहिलेली बरणी निरुपयोगी आहे, कारण कोणत्या पद्धतीची, हे कळल्याशिवाय मात्रा ठरविता येत नाही.

मात्रेचा हिशेब

शोधित विजयेची चूर्णमात्रा सामान्यतः १२५ ते २५० मिलिग्रॅम सांगितली जाते. प्रत्यक्षात आपण एकेरी विजया क्वचितच देतो. ती कल्पांतून जाते. तेव्हा कल्पाच्या एका मात्रेत विजया किती जाते, हा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडला पाहिजे.

शार्ङ्गधरोक्त जातीफलादि चूर्ण घ्या. जातीफलापासून मरिचापर्यंत २० द्रव्ये समभाग, त्या सर्वांइतकी भांग, आणि या साऱ्यांइतकी शर्करा. म्हणजे २० भाग द्रव्ये, २० भाग भांग, ४० भाग साखर. एकूण ८० भाग. चूर्णाचा चौथा हिस्सा भांग आहे. १ ग्रॅम चूर्णात २५० मिलिग्रॅम, म्हणजे एकेरी द्रव्याची कमाल मात्रा पूर्ण झाली. ३ ग्रॅममध्ये ७५० मिलिग्रॅम. ग्रंथोक्त मात्रा एक कर्ष, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १२ ग्रॅम, मधाबरोबर सांगितली आहे. तीत भांग ३ ग्रॅम होते. त्या काळची देहप्रकृती, सवय व द्रव्याची प्रत काहीही असो, आज ही मात्रा कोणी देऊ नये. माझ्या व्यवहारात अर्धा ग्रॅम चूर्ण, रात्री जेवणानंतर, एवढ्यानेच आरंभ होतो. तीन दिवस पाहूनच ती वाढवितो आणि १ ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. दुकानात हेच चूर्ण 'पोटासाठी चांगले' म्हणून चिठ्ठीविना दिले जाते, तेव्हा घेणाऱ्यास यात पाव हिस्सा भांग आहे याची कल्पनाही नसते. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर परभणीला निघतो.

लाई चूर्ण, मदनानंद मोदक, कामेश्वर मोदक इत्यादी भांगयुक्त कल्पांचाही असाच हिशेब करावा. एकाच रुग्णास दोन भांगयुक्त कल्प चालू नसल्याची खात्री करावी.

गर्भिणी, स्तनदा, बालक, हृद्रोगी, उन्मादाचा पूर्वेतिहास असलेला अथवा कुटुंबात तसा रोग असलेला रुग्ण यांना विजया देऊ नये. पित्तप्रकृतीत व उन्हाळ्यात जपून. मुखशोष, हृद्द्रव, भ्रम, भय ही अतिमात्रेची लक्षणे. सौम्य मदात शांत, थंड जागी झोपवून दही, लिंबू किंवा चिंचेचे पाणी देण्याचा प्रघात आहे. पण रुग्ण हाकेला ओ देत नसेल, छातीत दुखत असेल किंवा ते मूल असेल, तर चिंच कोळत न बसता रुग्णालय गाठावे.

बाटलीतील 'शुद्ध'

कॅनाबिडायॉल म्हणजेच सीबीडी हा भांगेतीलच दुसरा घटक. तो मद आणीत नाही. अपस्माराच्या लेनॉक्स-गॅस्टॉ व ड्रावेट या दोन दुर्धर बालप्रकारांत त्याच्या शुद्ध द्रावणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि तेव्हापासून सीबीडीची सर्व कीर्ती याच आधारावर उभी आहे. येथेही हिशेब करावा. त्या उपचारातील नेहमीची मात्रा दररोज दर किलो वजनास १० मिलिग्रॅम आहे. २० किलोच्या मुलास दिवसाला २०० मिलिग्रॅम. समजा, एका ३० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण ३०० मिलिग्रॅम सीबीडी आहे. तर त्या मुलास रोज २० मिलिलिटर लागेल आणि बाटली दीड दिवसात संपेल. पाच थेंब जिभेखाली ठेवून अपस्मार जाईल, असे सांगणारा विक्रेता हा गुणाकार करीत नाही. या भरवशावर पालक चालू असलेली गोळी बंद करतात, हा खरा धोका आहे. अपस्माराची गोळी अचानक थांबविल्यास सलग झटके येऊन प्राणावर बेतते.

दुसरा धोका संयोगाचा. सीबीडी यकृतातील विकरांना अडविते. क्लोबाझाम घेणाऱ्या रुग्णात त्या औषधाचा क्रियाशील अंश रक्तात वाढून अतिनिद्रा येते. वॉरफेरिन घेणाऱ्यात रक्तस्रावाचा संभव वाढतो. मोठ्या मात्रेत यकृताच्या तपासण्या बिघडतात. 'नैसर्गिक' या शब्दाने यातले काहीही टळत नाही. आणि 'विजया अर्क' म्हणून मिळणाऱ्या पानांच्या संपूर्ण अर्कात सीबीडीबरोबर टीएचसीही असते. बाटलीवर दोहोंचे प्रमाण वेगवेगळे मिलिग्रॅममध्ये छापलेले नसेल, तर ती बाटली परत करावी.

औषधी दुकानदारांसाठी

१९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये कायद्याच्या व्याख्येत चरस व फुलोऱ्याचा गांजा येतो. फुलोरा नसलेली नुसती पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. एवढेच वाचून अनेकजण निश्चिंत होतात. परंतु भांगेचे नियमन राज्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना भांग तयार करणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत, म्हणून तेथून पोते मागविता येते असे नाही. शिवाय पानांत फुलोरे मिसळलेले निघाले तर तो माल गांजा ठरण्याचा धोका असतो. तेव्हा परवानाधारकांनीही प्रत्येक खेप पसरून, निवडून पाहावी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत भांग, बिया वगळून, विषारी द्रव्यांत नोंदलेली आहे. म्हणून पोटात घेण्याच्या भांगयुक्त कल्पाच्या वेष्टनावर तो वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत असणे बंधनकारक आहे. ही सूचना व आयुष औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक नसलेला माल घेऊ नये. अपस्मार, मधुमेह, कर्करोग बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. विक्रेत्याने दिलेला तसा फलक दुकानात लावल्यास जबाबदारी दुकानदारावरही येते.

चिठ्ठीवर वैद्याने कल्पाचे नाव, एका वेळची मात्रा ग्रॅममध्ये, किती दिवसांसाठी, आणि "वाहन चालवू नये" हे शब्द मराठीत लिहावेत. दुकानदाराने तेवढ्याच दिवसांचे औषध पुड्या बांधून द्यावे, पूर्ण डबी देऊ नये, आणि खेप क्रमांकासह वहीत नोंद ठेवावी.