१२ टाक्या, एक मीटर: घरच्या फिश व्यवसायाचं लाईट बिल कसं आवरायचं?

घराच्या एका खोलीत गप्पी, मोली, गोल्डफिश वाढवून विकायचा विचार करताय? काच, मासे, खाद्य यांचा हिशोब सगळेच करतात. लाईटचा हिशोब मात्र बिल हातात पडल्यावर सुरू होतो. व्हिडिओतलं गणित इथे देतोय, वहीत उतरवून घ्या.

सूत्र सोपं आहे: वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट.

१. एअर पंप. हा २४ तास चालतो. ५ वॅटचे १२ पंप म्हणजे महिन्याला ४३ युनिट. त्याऐवजी २५ वॅटचा एकच मोठा पंप घेऊन त्यावर १२ स्पंज फिल्टर चालवले, तर १८ युनिट. पण तो बंद पडला तर सगळ्या टाक्या धोक्यात येतात. म्हणून एक जास्तीचा पंप आणि लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा पंप घरात ठेवायचाच.

२. दिवे. १० वॅटचे १२ एलईडी रोज १४ तास लावले तर ५० युनिट. टायमर लावून ८ तास केले तर २९. शेवाळही कमी होतं.

३. हीटर. खरा खड्डा इथे आहे. १०० वॅटचे १२ हीटर रोज १० तास चालले तर महिन्याला ३६० युनिट! आपल्याकडे गरज मुख्यतः डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींची. गोल्डफिशला हीटर लागतच नाही. गप्पीसाठी २८ ऐवजी २४ अंश ठेवा. खोली १८ अंशांवर असेल तर फरक १० वरून ६ वर येतो, म्हणजे हीटरचं काम साधारण ४० टक्के कमी. टाकीच्या मागे आणि बाजूंना थर्माकोल, वर झाकण.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा महागडा चिलर नको. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच काम होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. आटलेलं पाणी रोज भरा.

आता महत्त्वाचा आकडा: ३००. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महावितरणचा घरगुती दर मिळतो, पण महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३६०० युनिटपर्यंत असेल तरच. यात घरचा फ्रिज आणि पंखेही धरले जातात. नुसत्या हीटरनेच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते! दर बदलत असतात, म्हणून ताजा नियम आपल्या महावितरण कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी किंमत. समजा युनिट सगळं धरून १० रुपयांना पडलं. पंप आणि दिवे मिळून ४७ युनिट, म्हणजे एका टाकीला महिना सुमारे ३९ रुपये. हीटर १० तास चालवला की त्यात ३०० रुपयांची भर. त्या टाकीतून महिन्याला ३० मासे विकले जात असतील, तर प्रत्येक माशामागे १० रुपये फक्त हीटरचे. २० रुपयांना जोडी विकत असाल तर उरलं काय?

आजचा होमवर्क: प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचा, तास लिहा, एका टाकीचा खर्च काढा. नवीन टाकी त्यानंतरच घ्यायची. आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.