सुटकेची सूचना : पीडिताच्या संरक्षणातील एक दुवा

आरोपीस अटक होऊन त्याची रवानगी कारागृहात झाली, की पीडित व्यक्ती काही काळ निर्धास्त होते. परंतु अटक म्हणजे प्रकरणाचा शेवट नव्हे. आरोपीस जामीन मिळू शकतो. त्याला दुसऱ्या कारागृहात हलविले जाऊ शकते. शिक्षा झालेला बंदी रजेवर सुटू शकतो. क्वचित एखादा पळूनही जातो. अशा प्रत्येक घटनेची नोंद शासनाच्या दप्तरी होते. ज्याच्या जीवितास तीमुळे धोका संभवतो, त्याला मात्र ती पुष्कळदा उशिरा किंवा योगायोगानेच कळते. ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेत १९९४ साली एक स्वयंचलित व्यवस्था सुरू झाली. तिची कार्यपद्धती अभ्यासण्यासारखी आहे.

एका मृत्यूचा धडा

केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात मेरी बायरन ही तरुणी राहत होती. तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून तिच्या पूर्वीच्या मित्रास अटक झाली होती. पुढे तो जामिनावर सुटला. पण त्याची वार्ता मेरीपर्यंत पोहोचली नाही. ६ डिसेंबर १९९३ रोजी, तिच्या २१ व्या वाढदिवशी, त्याने गोळ्या झाडून तिचा खून केला. त्याच्या सुटकेची नोंद कारागृहाच्या दप्तरात होती. जिला तिची सर्वाधिक गरज होती, तिलाच ती ठाऊक नव्हती.

या घटनेने लुइव्हिलचा समावेश असलेल्या जेफरसन काउंटीतील जनमत हेलावले. त्यातून १९९४ मध्ये तेथे 'व्हाइन' नावाची सेवा सुरू झाली. पीडितांना दररोज माहिती व सूचना देणे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. पुढे अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी ही सेवा स्वीकारली.

कार्यपद्धती

या व्यवस्थेचा पाया म्हणजे कारागृहाची संगणकीय नोंदवही. बंदी दाखल झाला, त्याची बदली झाली अथवा तो सुटला, की कारागृहातील कर्मचारी तशी नोंद करतात. ती मध्यवर्ती संगणकाकडे पोहोचते. त्या बंदीबाबत कोणी नाव नोंदविले असल्यास संगणक त्या व्यक्तीस आपोआप दूरध्वनी करतो. पुढे लघुसंदेश व ई-मेल यांचीही सोय झाली.

नावनोंदणी विनामूल्य व गोपनीय असते. आपल्याविषयी कोणी नाव नोंदविले आहे, हे बंद्यास कळविले जात नाही. नोंदणीच्या वेळी पीडित व्यक्ती चार अंकी सांकेतिक क्रमांक निवडते. दूरध्वनी आल्यावर तो क्रमांक दाबला, तरच निरोप पोहोचला असे यंत्र मानते. अन्यथा ठरावीक काळपर्यंत ते पुनःपुन्हा दूरध्वनी करीत राहते. निरोप घरातील दुसऱ्याच कोणी ऐकला, एवढ्याने काम संपत नाही, हे यातील महत्त्वाचे तत्त्व होय.

यंत्राच्या मर्यादा

कारागृहात नोंद होण्यास विलंब झाला, तर सूचनेसही विलंब होतो. नावात किंवा क्रमांकात चूक झाली, तर सूचना मिळतच नाही. पीडिताने दूरध्वनी क्रमांक बदलला व तसे कळविले नाही, तर निरोप वाया जातो. म्हणूनच संरक्षणासाठी केवळ या सेवेवर विसंबू नये, असे नोंदणी करणाऱ्यांना बजावण्यात येते. सूचना मिळाल्यावर कोठे जावयाचे, कोणास कळवावयाचे, मुलांची व्यवस्था काय, हे आधीच ठरलेले असावे लागते.

कायद्याचा आधार

अमेरिकेच्या २००४ च्या संघीय कायद्याने आरोपीच्या सुटकेची अथवा पलायनाची वाजवी, अचूक व वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क मानला. भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियमातील कलम १५-अ अन्वये जामिनाच्या सुनावणीसह न्यायालयीन कार्यवाहीची सूचना मिळण्याचा हक्क पीडितास आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणासाठी केलेल्या २०२० च्या नियमांनुसार आरोपीचा जामीन, सुटका किंवा स्थानबद्धता यांविषयीची माहिती पोलिसांनी बालकास व पालकांस द्यावयाची असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस किंवा पीडितास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही कळविता येते.

तथापि एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळाली, म्हणजे आरोपी बाहेर केव्हा येणार हे कळलेच असे नाही. आदेश झाल्यावर जामीनदाराची पूर्तता होते, आदेश कारागृहात पोहोचतो व मग दरवाजा उघडतो. या टप्प्यांना काही तास लागतात, तसेच काही दिवसही लागू शकतात. पीडिताच्या दृष्टीने निर्णायक असतो तो हा शेवटचा क्षण, आणि 'व्हाइन'चा सारा भर त्यावरच आहे.

कारागृहाच्या दरवाजावर होणारी नोंद ही केवळ कार्यालयीन बाब नव्हे. ती वेळेवर व बिनचूक झाली, तर दूर कोठेतरी एखाद्या घराला सावध होण्यास अवधी मिळतो. यंत्र निरोप पोहोचवू शकते. तो खरा व वेळेवर असावा, याची जबाबदारी मात्र नोंद करणाऱ्या माणसाचीच राहते.