सातासमुद्रापलीकडचे विद्यार्थी आणि घरचा संवाद

तापीच्या उत्तरेस वसलेले, धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुक्याचे गाव आज अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांच्या शिक्षणासाठी ओळखले जाते. अशा गावांतील मुलामुलींना आता परदेशांतील विद्यापीठेही अप्राप्य राहिलेली नाहीत. अनुसूचित जाती व जमातींच्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या योजना आहेत. मात्र प्रवेश आणि पैसा यांची तजवीज झाली, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. दूर गेलेले मूल आणि घर यांच्यातील धागा अखंड कसा ठेवावा?

पत्रांचा आधार

या प्रश्नाचा विचार करताना डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे साहजिक आहे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून पतीविना निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या. तेथे त्यांना उतरवून घेणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांची ओळखही आधी पत्रांतूनच झालेली होती.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता गोपाळरावांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. त्या काळी पत्राचे उत्तर हाती येण्यास दोन महिन्यांच्या आसपास काळ लागे. तरीही ती पत्रे केवळ खुशालीची नव्हती. थंडीमुळे पोशाखात करावा लागणारा बदल, मतभेद, इतकेच नव्हे तर लहानपणी पतीकडून सोसाव्या लागलेल्या कठोर वागणुकीविषयीची मनातली व्यथाही त्यांनी पतीला स्पष्टपणे कळविली. समोरासमोर जे बोलणे अवघड, ते कागदावर बोलता आले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परंतु तेथील थंडीत त्यांची प्रकृती ढासळली होती. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

साधने वाढली, पण...

पुढे हवाई टपाल आले, ट्रंक कॉल आला. तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये बंदही झाली. आज शेताच्या बांधावरून मुलाचा चेहरा पाहता येतो. तथापि साधन सुलभ झाले म्हणून संवाद आपोआप सखोल होत नाही. “जेवलास का?” “हो.” एवढ्यावर रोजचे बोलणे संपते. मुलगा आजारपण लपवितो, कारण आई घाबरेल. घरचे आजीचे दुखणे लपवितात, कारण अभ्यासात व्यत्यय येईल. दोन्हीकडे हेतू चांगला असतो, परंतु पुढे खरे कळले की विश्वासालाच तडा जातो.

वेळेचे गणित

यासाठी आठवड्यातील एक वार व एक वेळ ठरवून घेणे हिताचे ठरते. शिरपुरात रविवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा फिलाडेल्फियात हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. लंडनमध्ये त्याच वेळी अनुक्रमे दुपारचे अडीच व साडेतीन होतात. तेथील घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. ठरल्या वेळी फोन आला नाही तर लगेच धास्ती घेऊ नये. दुसरा दिवस कोणता, हेही आधीच ठरवावे.

फोनवर घरची बोली बोलावी. अहिराणीतील चार शब्द परक्या मुलखात मोठा धीर देतात. परीक्षा, पैसा, प्रकृती याविषयी दोन्ही बाजूंनी खरे सांगण्याचा करार जाण्यापूर्वीच करावा. जे तोंडी सांगवत नाही, ते सवडीने लिहावे.

अडचणीच्या प्रसंगी

विद्यापीठाचा विद्यार्थी साहाय्य विभाग, घरमालक आणि एक-दोन सोबती यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक घरी वहीत लिहून ठेवावेत. परदेशी पोचताच विद्यार्थ्याने भारतीय वकिलातीकडे आपली नोंद करावी. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘मदद’ या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांच्या नोंदणीची सोय आहे, तसेच तेथे तक्रारही करता येते.

दोन महिने उत्तराची वाट पाहूनही आनंदीबाईंनी मनातले लिहिले. आज उत्तर क्षणात मिळते. ते मोकळेपणाने मागावे आणि तितक्याच मोकळेपणाने द्यावे, एवढेच विद्यार्थी व पालक यांच्या हाती आहे.