खेळण्यांतील वीरांची निवड

धान्याच्या व्यापाऱ्याने खेळण्यांविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु आपल्या घरांतील तरुण मंडळी नव्या धंद्यांकडे वळत आहेत. कडोदऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास सुरत-बारडोली रस्ता छेदतो, तेथे खेळण्यांचे दुकान काढण्याचा विचार कोणाच्याही मनात येईल. म्हणून पराक्रमी वीरांच्या बाहुल्या काढणारे कारखानदार कोणता वीर निवडतात व का, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात दिवाळीस मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर मांडण्याकरिता कुंभार सिंहासनावरील शिवाजी महाराज व मावळे घडवितात. किल्ल्यास महाराज एकच लागतात, मावळे मात्र पुष्कळ. तेव्हा कोणते चित्र किती घडवावे, हे मुलाच्या खेळावरून ठरते. निवडीचे पहिले तत्त्व हेच होय.

दुसरे तत्त्व साच्याचे. प्लॅस्टिकच्या बाहुलीस पोलादी साचा लागतो व तो फार खर्चाचा असतो. म्हणून अमेरिकेतील मेगो कंपनीने १९७२ पासून सुपरमॅन, बॅटमॅन आदी वीर काढले, तेव्हा अनेकांस एकच धड वापरून केवळ मुखवटा व पोशाख बदलला. मॅटेल कंपनीने १९८२ साली 'ही-मॅन' आणला. त्याचे वाहन असलेला वाघ तिने दुसऱ्या खेळण्याच्या जुन्या साच्यातूनच काढला. जो वीर तयार साच्यात बसतो, त्याची निवड लवकर होते.

तिसरे तत्त्व वेळेचे. १९७६ साली मेगोने 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या बाहुल्यांचा परवाना नाकारला. तो केनर कंपनीने घेतला. १९७७ साली चित्रपट गाजला, पण बाहुल्या तयार नव्हत्या. तेव्हा नाताळात केनरने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट व हमीपत्र विकले. बाहुल्या १९७८ साली मिळाल्या. यावरून साच्यास किती अवधी लागतो, हे ध्यानी येईल. वीर लोकप्रिय होण्यापूर्वीच त्याची निवड करावी लागते. पेरणीपूर्वी पिकाचा सौदा करण्यासारखेच हे आहे. मात्र मंदीतही धान्यास खाणारा असतो. गतवर्षीच्या चित्रपटातील बाहुलीस बहुधा नसतो.

म्हणून कारखानदार मुलांसच विचारतात. २००८ साली आलेल्या 'आयर्न मॅन' चित्रपटापूर्वी मार्व्हल कंपनीने मुलांच्या गटांस निरनिराळ्या वीरांची चित्रे दाखवून कोणाचे खेळणे हवे, असे विचारले. मुलांनी पसंत केलेला वीर पडद्यावर आला.

आता दुकानदाराशी निगडित गोष्ट. घाऊक खोक्यात सर्व पात्रे सारखी नसतात. मुख्य वीर अधिक, सोबती व खलपुरुष एखाददुसरे, असा मिश्र भरणा असतो. प्रत्येक मूल आधी नायकच मागते, असा त्यामागील हिशेब. किल्ल्याच्या अगदी उलट हे प्रमाण आहे. परंतु नायक घरी आल्यावर मुलास त्याच्याशी लढणारा हवा असतो, आणि तो दुकानात नसतो.

स्त्री-पात्रांचे असेच झाले. 'आयर्न मॅन ३' या २०१३ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ साली सांगितले की, कथेतील मुख्य खलपात्र प्रथम स्त्री होते. परंतु तिचे खेळणे कमी खपेल म्हणून ते बदलण्यात आले. जे दुकानात ठेवलेच नाही, ते खपणार कसे? आणि खपले नाही, याच कारणाने पुढे ते घडविलेही जात नाही. गल्ल्यावरील अंदाज चुकला तर नुकसान केवळ व्यापाऱ्याचे होत नाही. दुकानात आलेल्या मुलीस तिच्या मनातील वीरांगना मिळत नाही.

तेव्हा या धंद्यात पडणाऱ्या तरुणांस आमची सूचना अशी. विक्रीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवावी आणि मुलांनी मागितलेले, पण आपल्याकडे नसलेले पात्र तीत रोज टिपावे. खरेदीच्या वेळी ती वही पुरवठादारापुढे ठेवावी. एका चित्रपटावर सारे भांडवल लावू नये. तसेच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले आहे. ते पाहिल्यावाचून माल उतरवून घेऊ नये. विकलेल्या मालाचा हिशेब तर प्रत्येक व्यापारी ठेवतोच. न मिळाल्यामुळे परत गेलेल्या बालग्राहकाचा हिशेब जो ठेवील, त्याची निवड कारखानदारापेक्षाही अचूक ठरेल.