फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा का आखडते?

प्रश्न : वडिलांची चार महिन्यांपूर्वी नुसत्या फुग्याने अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट नाही. आता जिना चढताना पुन्हा छाती भरून येते. काम नीट झालं नव्हतं का?

उत्तर : लगेच तसा निष्कर्ष काढू नका. फुगा चरबीचा थर खरवडून काढत नाही. त्याला तडे पाडून भिंत ताणतो. ताणलेली भिंत थोडी लगेच मागे येते, रबरासारखी. पण खरी भानगड पुढची. शरीराच्या लेखी ही जखमच. ती भरायला भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी आत सरकतात, वाढतात, नवा थर धरतात. शिवाय भाजलेली कातडी भरताना आखडते, तशी अख्खी धमनीच आखडते. हे बहुधा पहिल्या सहा महिन्यांत घडतं.

१९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला. पुढे दिसलं, की साधारण तिघांपैकी एकाची धमनी पुन्हा अरुंद होते. स्टेंट आखडणं रोखतो, त्यावरचं औषध पेशींची वाढ रोखतं. वडिलांना मधुमेह असेल तर धोका जास्त.

गोळ्या मनाने बंद करू नका. याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. बसल्या जागी दुखलं, तर थेट रुग्णालय गाठा.