एका माउंटवर दोन दुर्बिणी

प्रश्न : लालबागला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मी ८० मिमीच्या दुर्बिणीने तेजोमेघांचे फोटो काढतो. त्याच माउंटवर तशीच दुसरी दुर्बीण बसवली तर फायदा होईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : होईल, पण आधी वजन मोजा. दुर्बिणी, कॅमेरे, पट्ट्या मिळून भार माउंटच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. दोन्ही दुर्बिणी जाड पट्टीवर शेजारी-शेजारी घट्ट बसवा. एखादी जरा जरी लवली, तरी तिच्या फोटोत तारे लांबट येतात. गाइड कॅमेरा एकच पुरतो. दोन फोटोंच्या मध्ये माउंट किंचित सरकवताना मात्र दोन्ही कॅमेऱ्यांचे एक्स्पोजर थांबलेले हवे.

एका तासात दोन तासांचा प्रकाश जमतो. पण फोटोतला खरखरीतपणा पाहता सुधारणा दुप्पट नव्हे, सुमारे १.४ पट होते.

तुमची खरी अडचण शहराचा उजेड आहे. म्हणून आधी ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर घ्या. माउंट जुळवायला लागणारा ध्रुवतारा मुंबईत जेमतेम १९ अंशांवर असतो. उत्तरेला टॉवर आड येत असेल, तर ड्रिफ्ट पद्धतीने माउंट जुळवा. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, तेव्हा भिंगे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

थोडक्यात, आधी फिल्टर, मग भक्कम माउंट आणि दुसरी दुर्बीण शेवटी.